दोन मुलं कमी

महाळुंग्याच्या अलीकडच्या आमच्या गावात माणसं किती, हे कुणालाच धड सांगता येत नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावरचा आकडा माझ्या लग्नाच्या आधीचा आहे. तेव्हा शेतात ज्वारी होती. आता खोल्या आहेत, आणि एका खोलीत किती राहतात ते कोणती शिफ्ट चालू आहे त्यावर ठरतं. एक उठून कंपनीत गेला की त्याच्याच गादीवर दुसरा येऊन आडवा होतो.

मी इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. कित्येक वर्षं अर्ज करून करून घराजवळची ही शाळा मिळाली होती. मे महिन्यात आम्ही घरोघर फिरून शाळेत घालण्याजोगी मुलं शोधतो. यंदा पटाला दोन मुलं कमी पडत होती. ती मिळाली नाहीत तर एक शिक्षक जादा ठरणार, आणि शाळेत सगळ्यात शेवटी आलेली मीच.

गावठाणात एक मूल मिळेल तर शपथ. म्हणजे मुलं होती, पण सगळी टाय लावून पिवळ्या बसने चाकणला जाणारी. एका घरी मला सरबत देऊन म्हणाले, "बाई, तुमच्या शाळेवर आमचा लय जीव हाय." जीव पटावर चढवता येत नाही.

राहिल्या भाड्याच्या खोल्या. पहिल्या आमच्याच. सासूबाई दारातच बसल्या होत्या.

"खोल्यांमध्ये कोण राहतं?" मी रीतसर विचारलं.

"कुनी न्हाई."

त्यांच्या मागे दोरीवर सात शर्ट वाळत होते.

"आत्या, अहो मी आहे!"

"घरात सून. हातात कागद घेतला की सरकार. घरपट्टी वाढली तर तू भरनार हाईस व्हय?"

त्यांना वळसा घालून मी शेवटच्या खोलीशी गेले. तिथे परभणीकडची एक बाई राहते. नवरा कंपनीत, आणि पदरी दोन मुलं. दोघांची नावं अजून कुठल्याच शाळेत नव्हती. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. गणवेश फुकट, पुस्तकं फुकट, दुपारची खिचडी फुकट, असं मी भाजीवालीच्या सुरात सगळं सांगून टाकलं. तिने शांतपणे ऐकलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "बाई, तुमची लेक कोन्त्या शाळंत हाय?"

तिला माहीत होतं. माझी लेक वर्षभर तिच्याच दारावरून बसला जाते.

"चाकणला," मी म्हणाले.

"का बरं?"

"तिच्या मैत्रिणी तिथं आहेत." वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

"तुमच्या लेकीला घाला तुमच्या शाळंत. माझी दोन्ही त्याच दिशी पाठविते."

टोमणा नव्हता तो, साधा सौदा होता.

"घरी विचारून सांगते," म्हणून मी उठले. घरी कुणालाच विचारलं नाही. लाज वाटली, चांगली झोंबणारी लाज वाटली, आणि तरी जूनमध्ये लेकीला नवा टाय घेतलाच.

मी जादा ठरले. आता रोज दोन गाड्या बदलून राजगुरुनगरच्या पलीकडच्या शाळेत जाते. तिथेही पटाची ओरड आहेच. मला मुलगी आहे, हे तिथे अजून कुणाला सांगितलेलं नाही.