पन्नास मिनिटांवरचा मुलगा

बायको बुधवारी पहाटे गेली. चहा ठेवायला उठली, ओट्यापाशी बसली, ती बसलीच. दुखणं नाही, खुपणं नाही. मला अजून ते खरं वाटत नाही.

मी सातवी नापास. पिंपळगावला द्राक्षाचा टेम्पो चालवण्यात जन्म गेला. मुलगा तिथल्याच कोल्ड स्टोरेजमध्ये मशिनचं काम शिकला आणि तेवढ्यावर पार तिकडं समुद्रातल्या एका बेटावर, माशांच्या बर्फघरात नोकरीला लागला. मोबाइलवर नकाशात ते बेट दाखवलं तेव्हा त्याची आई म्हणाली होती, "काचेला डाग पडलाय, पुसू का?"

एकुलता मुलगा. त्याला आईचं तोंड दिसलं पाहिजे आणि अग्नी त्यानंच द्यायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मुलीनं मोबाइलवर बघून सांगितलं, त्याच्या बेटावरून मोठ्या बेटाचं विमानतळ दोनशे चाळीस किलोमीटर. विमानानं पन्नास मिनिटं. तिथून पुढची विमानं रोज मिळतात. दोनशे चाळीस म्हणजे नाशिकहून पुण्याच्या जरा पुढं. तेवढं तर माझा टेम्पोपण सहा तासांत जायचा. मी जमलेल्यांना सांगितलं, थांबायचं. गार ठेवणारी शवपेटी मागवली.

आठ वाजता त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"निघाला का?"

"दादा, विमान काल गेलं. आता पुढच्या मंगळवारी."

"पन्नास मिनिटांचा तर रस्ता हाय."

"रस्ता नाही ना, दादा. आठवड्याला एकच विमान येतं."

"मग चार माणसं जमव. सीटा भरल्या का सोडतील ते."

आमच्याकडं नामपूरची जीप तशीच सुटते. मला वाटलं, विमानाचंही तसंच असेल.

"माणसं कुठून आणू? विमानच नाही इथं."

मग मी सगळ्यांसमोर बोललो, "तुला यायचंच नसंल तर सरळ सांग. तुझी आई पेटीत पडलीय."

त्यानं नुसता मोबाइल फिरवला. पत्र्याची शेड, तिला कुलूप. पुढं खडीची लांब धावपट्टी, दोन्ही टोकांना पाणी. मधोमध एक कुत्रं झोपलेलं. शेडच्या पायरीवर त्याची निळी बॅग. बातमी कळल्यापासून तो तिथंच येऊन बसला होता. विमान नाही हे माहीत असून. मोबाइल मुलीनं माझ्या हातातून घेतला.

दुपारी अमरधामला नेलं. अग्नी मुलीनं दिला. एका भाऊबंदानं तोंड वाकडं केलं, त्याला म्हटलं, "मग तू जाऊन आण त्याला."

तो नवव्या दिवशी आला. चपला काढता काढता म्हणाला, "दादा, मी घड्याळ लावून बघितलं. अठ्ठेचाळीस मिनिटांत उतरलो."

मी बोललो होतो ते त्यानं काढलं नाही. तो ओट्याकडं बघत उभा राहिला. मी त्याची बॅग उचलून आत नेली. पायरीवर होती तीच, निळी.