पूर्वेकडचा गोल

आमच्या आळीत मला ‘भोकाचे हात’ म्हणत. लाडानं नव्हे. मी आळीच्या फुटबॉल क्लबाचा गोलकीपर होतो आणि दर साली फायनलच्या दुसऱ्या हाफमध्ये माझ्याकडून गोल जायचा. पानाच्या ठेल्यावर उभा राहिलो की मागून कुणीतरी बोलायचंच, "त्याच्या हातात चुना देऊ नका रे, गळून जाईल!" सगळे हसायचे. मीही हसायचो आणि घरी येऊन चडफडत बसायचो. अहो, हातातून गळायला बॉल आधी दिसायला तर हवा!

का दिसत नव्हता ते सांगतो. सांगताना आजही डोक्यात तिडीक जाते.

आम्ही नगरचे तेलुगू विणकर. आजोबांच्या वेळी आमची माणसं पोटासाठी निजामाच्या राज्यातून इकडं आली, त्यांनी घराघरांत माग टाकले आणि लुगडी विणायला घेतली. आमच्यात वडलांना बापू म्हणतात. माझ्या बापूंचा जन्मसुद्धा नगरचाच. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, पण तीत निम्मे शब्द मराठी. तरी आळी एकदा फुटबॉलच्या मैदानावर गेली की ती नगरची राहायचीच नाही. छावणीतल्या गोऱ्या शिपायांचं बघून पोरांनी हा खेळ उचलला होता, क्लब काढला होता, आणि बघता बघता तो म्हाताऱ्यांनी ताब्यात घेतला. समोर कुणाचीही टीम असो, आमची मंडळी "मुलखाची लाज राखा!" म्हणून घसा फोडायची. मुलूख म्हणजे तिकडचा, त्यांच्यातल्या बहुतेकांनी कधी न पाहिलेला. "कोट्टु, कोट्टु!" म्हणजे मार, मार. मी गोल खाल्ला की मात्र शिव्या अस्सल नगरी मराठीत. तेवढ्यापुरता मुलूख बाजूला राहायचा.

मैदान पूर्व-पश्चिम होतं आणि मुलूख पडला पूर्वेला. तेव्हा आमच्या आळीच्या थोरल्या पंचांनी एक नियम घालून दिला होता. देवाकडे पाय करून आपण झोपत नाही, वडीलधाऱ्यांसमोर पाय पसरून बसत नाही, मग खेळ संपताना मुलखाकडे लाथा कशा झाडायच्या? म्हणून दुसऱ्या हाफमध्ये पूर्वेचा गोल आपल्या पाठीशी असला पाहिजे. पहिल्या हाफमध्ये तिकडे लाथा मारलेल्या चालतात का, असं मी एकदा विचारलं. थोरले पंच म्हणाले, "सुरुवातीचं कुणी मनावर घेत नाही. शेवट चांगला पाहिजे." घ्या! टॉस जिंकला की आमचा कॅप्टन इमानानं तशी बाजू मागायचा. हरला तरी समोरचे लोक हसत हसत आम्हाला हवं तेच द्यायचे. ते काय खुळे होते?

आता तुम्हीच सांगा. दिवस कलल्यावर पूर्वेच्या गोलात उभं राहिलं की तोंड कुठं येतं? पश्चिमेला! मावळतीचं ऊन सरळ डोळ्यांत. समोरून माणसं धावत येताना दिसायची ती नुसती काळी काळी, आणि बॉल दिसायचा तो जाळीत गेल्यावर.

ऊन, ऊन म्हणून मी जीव तोडून सांगितलं. पंचांना सांगितलं, कॅप्टनला सांगितलं, बापूंना तर उठता-बसता सांगितलं. नियमाच्या बाजूनं सगळ्यांत मोठा आवाज बापूंचाच. मागावरून मान वर न करता ते म्हणायचे, "ऊन सगळ्यांनाच असतं. धोटा फेकताना मी कधी उनाचं रडगाणं गायलं का?"

"बापू, माग घरात असतो!"

"तोंड लई चालतं तुझं. हात चालव."

खरं सांगतो, मला कपाचं काही पडलेलं नव्हतं. बापूंनी एकदा, फक्त एकदा, चारचौघांत म्हणावं की माझ्या पोरानं अडवला, एवढंच हवं होतं. त्यासाठी मी अंगण सारवलेलं असो की दगडाचं असो, बॉलवर उड्या मारून कोपरं सोलून घेतली. आणि हे म्हणणार, हात चालव!

स्वातंत्र्याच्या पुढच्या साली निजामाच्या राज्यात मोठी धामधूम चालली होती. तिकडून जीव घेऊन निघालेला एक विणकर आमच्या आळीत आला. चाळिशीचा, हडकुळा, बरोबर बायको आणि एक बोचकं. आळीला केवढा आनंद! प्रत्यक्ष मुलखातला माणूस! घरोघरी जेवणं झाली, बसायला सतरंजी, टेकायला लोड. मलाही आशा वाटली. म्हटलं, आता ह्याच्याच तोंडून वदवून घेऊ. ह्याच्यापुढं पंचांची काय टाप!

भरल्या बैठकीत मी त्याला नियम सांगितला आणि विचारलं, तिकडे लाथ गेली तर मुलखाचा अपमान होतो का? त्याला आधी समजेनाच. आमची तेलुगू त्याला उमगत नव्हती आणि त्याची आम्हाला. निम्मं बोलणं हिंदुस्थानीत झालं. समजल्यावर तो मोठ्यानं हसला. म्हणाला, "तिकडं माझं घर जाळलं. मी आलो तो तिकडं पाठ करूनच आलो. तुम्ही बॉलचं काय घेऊन बसलात? आणि ह्या पोराला उन्हात कशाला उभा करता?"

मला वाटलं, जिंकलं! थोरल्या पंचांनी पान जुळवलं, तोंडात टाकलं, आणि तो उठून गेल्यावर म्हणाले, "हा काय खरा आपल्या मुलखातला वाटत नाही. बोलणं ऐकलं ना त्याचं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. बापूंनीही. मी कपाळावर हात मारून घेतला. अरे, हा खरा नाही तर खरे कोण, तुम्ही?

नवरात्र झालं आणि फायनल आली. समोर छावणीतल्या वर्कशॉपची टीम. त्याच सकाळी आमच्या कॅप्टनचा पाय मुरगळला, आणि टीममध्ये सगळ्यांत जुना म्हणून टॉसला मला पाठवलं. रेफरीनं नाणं उडवलं, मी जिंकलो. बाजू कुठली, त्यानं विचारलं. मी बोट दाखवलं आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच चालत पूर्वेच्या गोलात जाऊन उभा राहिलो. म्हणजे दुसऱ्या हाफमध्ये पूर्वेचा गोल त्यांचा आणि ऊनही त्यांचं!

आळीच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग जो गिल्ला झाला! "अरे भोकाच्या, उलटा उभा राहिलास!" कॅप्टन लंगडत धावत आला, तर रेफरीनं त्याला बाहेर काढला. पहिला हाफ कोरा गेला. ऊन तेव्हा वर होतं, मी कसंबसं निभावलं.

दुसऱ्या हाफमध्ये आमच्या सेंटरला बॉल मिळाला. समोर पूर्वेचा गोल, त्यांचा कीपर डोळ्यांवर आडवा हात धरून उभा. आणि आमचा हा शहाणा बॉल पायाशी घेऊन पंचांकडे बघत राहिला! मी मैदानाच्या ह्या टोकाकडून बोंबललो, "मार रे, मेल्या, मार!" त्यानं डोळे मिटून लाथ घातली. गोल! उभ्या जन्मात मी असा गोल बघितला नाही. आमच्याच लोकांत मयतासारखी शांतता. टाळ्या वाजवत नाचत होता तो एकटा, मुलखातनं आलेला.

शेवटी शेवटी त्यांचा एक फॉरवर्ड आमचे दोन्ही बॅक चुकवून एकटाच माझ्यावर चालून आला. त्यानं असा सणसणीत मारला की काय सांगू. पण मला बॉल दिसत होता! बॉलचं तोंड आवळलेली चामड्याची वादीसुद्धा दिसत होती. मी डावीकडे झेप घेतली आणि तो छातीशी आवळून पडलो. लगेच शिट्टी झाली.

कप घेऊन आम्ही आळीत आलो तर ओवाळायला कुणी नाही. मी कप क्लबाच्या खोलीत ठेवला आणि घरी गेलो. बापू मागावर बसले होते.

मी म्हटलं, "बापू, अडवला की आज."

त्यांनी मान वर केली नाही.

"पाठीवर ऊन घेऊन कुणीबी अडवील."

मी तसाच दारात उभा राहिलो. म्हणजे दोष माझ्या हातांचा नव्हता, उन्हाचा होता, हे बापूंना पहिल्यापासून ठाऊक होतं.