जुना संच, नवा संच

आर्णीतल्या एका शाळेने तिसरीतली एक मुलगी तपासून घ्यायला मला बोलावलं होतं. मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेणं हे माझं काम. शाळेला तिला विशेष शाळेत धाडायचं होतं आणि त्यासाठी कमी बुद्ध्यांकाचा कागद हवा होता.

शाळेच्या कपाटात चाचणीचा जुना संच होता, तोच उघडला. एका चित्रात टेलिफोन होता, रिसीव्हरची वायर गायब.

"यात काय राहिलंय?"

तिने नीट पाहिलं. "सारंच तं आहे मॅडम. फोनले वायर कायले लागते?"

नियमाप्रमाणे शून्य. मी लिहिलं. अशी शून्यं साचत गेली आणि बेरीज शाळेला हवी तिथेच आली. मला माझाच राग आला. असाच संच घेऊन मी किती मुलांना मंद ठरवलं असेल?

बाहेर तिचे वडील उभे होते. गाड्या दुरुस्त करणारे, हात ऑईलने काळे. "मॅडम, माही पोरगी कार्बोरेटर खोलून परत जोडते. अन् हे म्हणतात, दिमाग नाही!"

पंधरा दिवसांनी मी यवतमाळहून सुधारित संच घेऊन गेले. तोही निर्दोष नव्हता. त्यातली लिफ्ट तिने कधी पाहिली नव्हती. पण बाकी चित्रं ओळखीची होती, भाषा साधी होती. मुलगी सरळ सरासरीत आली.

मुख्याध्यापक वैतागले. "फॉर्ममध्ये एकाच आकड्याची जागा आहे. पहिला लिहा."

"दोन्ही लिहीन. तिची उत्तरंही, तिच्याच शब्दांत."

"मॅडम, तुम्ही काहून वाढवून राह्यल्या?"

"जो फोन तिने जन्मात पाहिला नाही, त्यावरून मी तिला मंद ठरवणार नाही. दुसऱ्या कुणाची सही घ्या."

वेगळा कागद जोडला, त्यावर दोन्ही निकाल लिहिले आणि मुलीला याच वर्गात ठेवावं अशी शिफारस केली. एक प्रत वडिलांच्या हातात दिली. "कुणी तिला काढायला निघालं, तर हा दाखवा."

ती आता त्याच शाळेत चौथीत आहे. मला मात्र तिथून पुन्हा बोलावणं आलं नाही. न येवो.

जुन्या संचावर मीच तपासलेली मुलं मी आता शोधून पुन्हा तपासते आहे. परवा घाटंजीच्या एका शाळेने फोनवर सांगितलं, "येऊ नका, तो विषय संपला." मी नवा संच पिशवीत टाकला आणि गाडीला किक मारली.