वैजापूरचं उघडं राहिलेलं कनेक्शन

वैजापूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यातून आमच्या ऑफिसला फोन आला. जुन्या पेशंटची माहिती बदलायला गेलं की काउंटरवरचा कॉम्प्युटर गप्प होतो, एररसुद्धा देत नाही. त्यांची सिस्टीम आम्हीच बसवलेली. संभाजीनगरहून सकाळच्या एसटीनं मी निघाले.

काउंटरवरचा प्रोग्राम कारण सांगेना, म्हणून डेटाबेसशी थेट बोलायचं ठरवलं. त्यासाठी काळ्या खिडकीत कमांड टाईप करायचं एक छोटं टूल लागतं, आम्ही त्याला क्लायंट म्हणतो. ते टाकण्यातच तास गेला. आधी ‘अशी कमांडच नाही’ असं उत्तर आलं. टूल कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे मशीनला सांगायचं राहिलं होतं. ते सांगितलं, तर व्हर्जन सर्व्हरपेक्षा जुनं निघालं. नवं टाकलं, तर पासवर्ड घेईना. कॅप्स लॉक चालू होतं. शेवटी एकदाचं जोडलं गेलं.

माहिती वाचता येत होती. पण एका पेशंटचा फोन नंबर बदलायची कमांड दिली आणि कर्सर खाली येऊन नुसता लुकलुकत राहिला. दहा मिनिटं झाली तरी तसाच. याचा अर्थ, दुसऱ्या कोणीतरी त्या नोंदी बदलायला घेतल्या होत्या आणि अजून सोडल्या नव्हत्या. दुसरी खिडकी उघडून मी कोण कोण जोडलेलं आहे त्याची यादी मागवली. माझ्या नावाखाली दवाखान्याच्या ऑपरेटरचं नाव होतं, याच इमारतीतून. चारपाच वर्षं आम्ही फोनवर बोलत होतो. तोंड कधी पाहिलं नव्हतं.

हेडसिस्टर शेजारीच केसपेपर लावत होत्या.

“सिस्टर, तुमचे ऑपरेटर कुठं बसतात? त्यांचंच काम अर्धवट अडकलंय. जरा बोलवा ना.”

त्यांचा हात थांबला. “मॅडम, ते जाऊन तीन आठवडे झाले.”

“कुठं गेले?”

“वारले. इथंच व्हरांड्यात पडले. हार्ट अटॅक.”

मी स्क्रीनकडं बघितलं. नाव तसंच होतं. शेजारी लिहिलेलं होतं, काम अर्धं झालंय, पुढच्या कमांडची वाट बघतोय.

“मग त्यांच्या नावानं आत कोण बसलंय?”

“कोणी नाय. त्या धावपळीत कुणीतरी त्यांच्या खोलीचं कुलूप दाबलं, तवापासून बंदच हाय. चावी त्यांच्या खिशातच होती, ती घरी गेली.”

इथूनच ते कनेक्शन तोडता आलं असतं. पण तोडलं की त्यांनी केलेलं काम पुसलं गेलं असतं, आणि ते काय होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सिस्टरनं त्यांच्या बायकोला फोन केला. घर जवळच होतं. पंधरा मिनिटांत वहिनी चावी घेऊन आल्या. काही न विचारता पुढं झाल्या आणि कुलूप काढलं.

आत पंखा चालू होता. भर दुपारी, तीन आठवडे बंद असलेल्या खोलीत, संथ. खुर्ची टेबलापासून तिरकी सरकलेली, कीबोर्डवर चष्मा. वीज गेली तरी इन्व्हर्टरमुळं मशीन चालूच राहिलं होतं. वहिनींनी चष्मा उचलून पदरात घेतला. मी माउस हलवला.

स्क्रीन उजळली. देवगाव रंगारीच्या शिबिरातले मोतीबिंदूचे पेशंट, एकेकाच्या नावापुढं नातेवाइकाचा फोन नंबर आणि फेरतपासणीची तारीख. सगळ्यात खाली, सेव्ह करायचा शब्द अर्धाच टाईप केलेला. दोनच अक्षरं राहिली होती.

“म्हंजे त्यांचं काम अजून संपलं नाय?” वहिनींनी विचारलं.

“नाही. मी बंद केलं तर हे सगळं जाईल. शब्द पुरा केला तर राहील.”

वहिनींनी तिरक्या खुर्चीकडं बघितलं. “छातीत दुखतंय म्हणून उठले आसतील,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही लिवा. बटण मी दाबते.”

मी दोन अक्षरं आणि कमांड संपवणारा अर्धविराम टाईप केला. ज्या कळांवर मी बोटं ठेवली होती त्या मधोमध झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. वहिनींनी एंटर दाबलं. खाली एका ओळीत उत्तर उमटलं, झालं म्हणून. काउंटरकडून सिस्टरचा आवाज आला, “मॅडम, तुमचं इथलं आपोआप पुढं गेलं!”

पंखा वहिनींनीच बंद केला.

आठवड्यानं सिस्टरचा फोन आला. त्या नंबरांवर फोन करून देवगावच्या म्हाताऱ्या माणसांना तपासणीला बोलावलं होतं, पहिली जीप भरून आली होती. त्यातली एक आजी काउंटरवर येऊन विचारत होती, “आमचा नंबर लिवून घेतल्याले ते सायब कुठं हायेत?”

“मग तुम्ही काय सांगितलं?” मी विचारलं.

“रजेवर हायेत म्हणलं,” सिस्टर म्हणाल्या. “का म्हणलं, मलाबी कळलं नाय.”