चकाचक काकूंचं गबाळं रान

काकूंच्या हातात खुरपं आलं की गवताची खैर नसायची. सगळे त्यांना चकाचक काकू म्हणत, आणि काकूंना ते नाव भारी आवडे.

त्यांच्या आणि दिराच्या शेतांमध्ये एक रानपट्टी होती. तिथे एक निळं रानफूल यायचं. आसपास दुसरीकडे कुठेच उरलं नव्हतं. काकूंचा त्याच्यावर जीव. त्याला मोकळं वाढता यावं म्हणून एके वर्षी त्यांनी बाकीचं सगळं उपटून काढलं. आता रान कुणी खुरपतं का? पण काकूंना सांगणार कोण! त्या वर्षी पट्टीभर नुसती निळाई. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या हाताला धरून दाखवायच्या.

पुढच्या वर्षी पानांवर तांबूस ठिपके पडले आणि बघता बघता सगळी पट्टी तांबेऱ्याने माखली. दिराच्या बाजूला तर फारच. तिकडून खत वाहून यायचं, त्याने झाडं माजून लुसलुशीत झालेली.

"वहिनी, मी नांगर फिरवतो. उद्या माझ्या पिकावर काही आलं म्हणजे?" दीर म्हणाले.

इथून गेलं की ते फूल कायमचं गेलं. काकू पट्टीत एकेक झाड बघत फिरल्या आणि काटेरी झुडपापाशी थबकल्या. तिथे त्यांचं खुरपं कधी शिरलंच नव्हतं. नाना जातींचं गवत, वेली, आणि अधूनमधून निळी झाडं, पानं अगदी निरोगी. एकापासून दुसरं लांब. रोगाला उडी मारायला जागाच नव्हती.

"अगं बाई, म्हणजे हे माझेच प्रताप!"

त्या तडक दिराच्या दारात गेल्या. "चूक माझी आहे, भाऊजी. मला एक हंगाम द्या. आणि तुमचं खत जरा तुमच्या बांधाच्या आतच थांबवा."

"वहिनी चूक कबूल करताहेत? आता जग बुडणार!" दीर हसले, पण थांबले.

काकूंनी झुडपाखालचं सगळ्या गवतावेलींचं बी मूठमूठ पट्टीभर पसरलं. पुढे ते उगवलं तसे हात शिवशिवायला लागले, तेव्हा खुरपं जाऊबाईंकडे ठेवायला दिलं. "काकू थकल्या हो," लोक म्हणाले. काकूंनी तेही गिळलं.

हंगाम सरता सरता दीर ट्रॅक्टरला नांगर जोडूनच आले. गुडघाभर रानात शिरले, पानं उलटून पाहिली. ठिपके होते, नाही असं नाही. पण एखाद्या झाडावर, शेजारचं ठणठणीत. बराच वेळ फिरून ते बाहेर आले आणि त्यांनी ट्रॅक्टर घराकडे वळवला.

"वहिनी, रान मात्र अगदी गबाळं दिसतंय हो!"

"दिसणारच," काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "शेवटी राखलंय कुणी!"