पोदेराला माझ्या मुलीचं दुखणं कोणी सांगितलं?

डायबिटीस असलेल्या मुलांच्या या ग्रुपवरच्या आयांनो आणि बापांनो, हे तुम्हालाच लिहितेय.

आज सकाळी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, उंडे पाव घेऊन सर्वण गावात आमच्या दारात आला आणि मुलीकडे बघत तिच्यासमोरच म्हणाला, "बाय, चेडवाक डायबिटीस आसा मगो? उंडे कमी दिवूं?"

गावात मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. फक्त या ग्रुपवर लिहिलं होतं.

मुलीने इन्सुलिन घेतलं होतं. ग्रुपवरचं तुला कोणी सांगितलं म्हणून मी पोदेराशी भांडत राहिले आणि ती लाजेने उंड्याला हातही न लावता शाळेत निघून गेली. साखर उतरून प्रार्थनेतच कोसळली.

रोज हात जोडलेली चित्रं टाकणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कोणी गावात तोंड उघडलं?

शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "आई, तू तिथे का लिहिलंस?"

तिला उत्तर तुम्ही द्या.