नगदी माणसाची पत

ब्यांकेनं मला कार्ड दिलं तेव्हा ते ठेवायचं कुठं, यावरून घरात दोन दिवस वाद चालला. खिशात ठेवलं तर वाकेल, पेटीत ठेवलं तर हाताशी राहणार नाही. देवापाशी ठेवू म्हटलं तर माझी म्हातारी बायको म्हणाली, "तठी मी देव ठेवतो. तुमचा पलाष्टिकचा तुकडा दुसरीकडं ठेवा." शेवटी मी ते ओळंब्याच्या पिशवीत ठेवलं. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेला लोखंडी लट्टू. भिंतीशी धरला की भिंत सरळ आहे की नाही ते कळते. मी मिस्त्री. बाभुळगावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत उभा जन्म विटा रचल्या. ओळंब्याच्या पिशवीत जे ठेवलं ते माझ्याकडून कधी हरवत नाही.

मी उधारीवर कधी एक खिळासुद्धा आणला नाही. आमच्या बाजारपेठेत एक मुसलमान हार्डवेअरवाला आहे, माझ्याच वयाचा. तो म्हणायचा, "अरे मिस्त्री, ले जा ना सिमेंट. पैसे कुठं पळून चालले तुझे?" मी म्हणायचो, "शेठ, पैसे असन तं नेतो, नसन तं कायले नेऊ?" मग तो नोकराला सांगायचा, "या माणसाचा हिसाब मांडून ठेवू नको. हा नगदी माणूस आहे." नगदी माणूस हे नाव मला तिथून पडलं, आणि ते मला आवडायचं. आमच्याकडं पत म्हणतात ती हीच, असं मी समजून होतो. रस्त्यानं चाललं की कोणी हाक मारून थांबवू नये.

माझी नात तान्ही होती तेव्हापासून आमच्याजवळ आहे. तिला आईबाप नाहीत. ते कसं झालं ते इथं लिहायचं नाही. तिला नर्स व्हायचं आहे, हे तिनं फार लवकर ठरवलं. मी एकदा परांचीवरून पडलो आणि यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात पडून होतो, तेव्हा ही रोज आजीसोबत एसटीनं यायची आणि नर्सच्या मागं मागं हिंडायची. घरी आल्यावर माझ्या बऱ्या झालेल्या पायाला पट्टी बांधायची. खोलून परत बांधायची. मी सोंग घेऊन कण्हायचो. तिला राग यायचा, "आबाजी, नर्ससमोर एवढं रडत नाही कोणी!"

ती अकरावीत गेली त्या सुमारास मी सलूनमध्ये दाढीला बसलो होतो. बाजूच्या खुर्चीत तोंडाला फेस लावलेला एक गृहस्थ न्हाव्याला सांगत होता, "कार्ड वापरत गेलं की पत वाढते. माह्या पोराच्या शिक्षणाले कर्ज मांगाले गेलो, तं सायबानं आंधी स्कोर पाह्यला अन मंग खुर्ची देली." मी आरशातून त्याच्याकडं पाहिलं. कार्ड माझ्याकडंही होतं. ओळंब्याच्या पिशवीत नुसतं पडून होतं.

त्या दिवसापासून मी कार्ड वापरायला लागलो. वापरायला म्हणजे, नगदी पैसे द्यायचे मी बंदच केले. किराणा घेतला, कार्ड. गोळ्या घेतल्या, कार्ड. दुकानदारांची तोंडं वाकडी व्हायची. सगळी दुनिया फोननं पैसे देऊन राह्यली होती. माझ्यासाठी त्यांना ड्रॉवरच्या तळातून मशीन काढावी लागायची, पुसावी लागायची, चार्जिंगला लावावी लागायची. मी उभा राहायचो. मला घाई नव्हती. चार आकडे दाबायची वेळ आली की डोक्यावरची टोपी काढून मशीनवर धरायचो आणि टोपीखाली हात घालून दाबायचो. हार्डवेअरवाला म्हणायचा, "मिस्त्री, टोपीतून कबूतर काढतो का आता?"

एकदा बसस्टँडजवळच्या हॉटेलात आलूबोंडा खाल्ला आणि कार्ड पुढं केलं. मालक माझ्याकडं पाहत राहिला.

"बुढेबाबा, आलूबोंड्याले कार्ड?"

"काहून? आलूबोंड्याचे पैसे पैसे नाई का?"

"अजी, खाऊन जा तसाच. पैसे नका देऊ, पण मशीन नका मांगू."

"फुकटचं मी खात नाई," मी म्हटलं. त्यानं बाजूच्या मोबाइलच्या दुकानातून मशीन आणली. तोवर त्याची जिलबी करपली.

नातीला माझी लाज वाटायची. "आबाजी, सगळे हसून राह्यले तुमाले. फोननं द्या ना. मी शिकवतो तुमाले." मी म्हणायचो, "तू तुहा अभ्यास कर. माहं मी पाहून घेतो." काय पाहून घेतो ते तिला सांगितलं नाही. मनात म्हणायचो, माझी एक एक वीट चढून राह्यली आहे. ही बारावी होईल तोवर भिंत छतापर्यंत जाईल. मग मी ब्यांकेत जाईन, आणि मलाही खुर्ची मिळेल.

बारावीत तिला चांगले मार्क पडले. यवतमाळच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला. फी आणि होस्टेल मिळून रक्कम मोठी होती, आणि ती ठरल्या तारखेच्या आत भरायची होती, नाही तर जागा दुसऱ्या पोरीला जाणार होती. मी म्हटलं, "फिकर करू नको. माह्या पतीवर आणतो."

म्हातारी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "तुमचा पती? तुमाले कधी पती झाला जी?" नात इतकी हसली की तिला ठसका लागला. मी दोघींकडं लक्ष दिलं नाही. धुतलेलं धोतर काढलं, ओळंब्याची पिशवी घेतली, आणि तिघंही ब्यांकेत गेलो.

कर्जाच्या टेबलावर एक तरुण मॅडम होती, तिकडं पश्चिमेकडची, बोलायला गोड. तिनं मला आल्या आल्याच खुर्ची दिली. मला वाटलं, झालं काम. तिनं माझं आधार घेतलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, परत पाहिलं.

"आजोबा, तुम्ही कधी कर्ज घेतलंय?"

"नाई," मी म्हटलं. मी जरा मोठ्यानंच म्हटलं, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. "उभ्या जन्मात नाई."

"क्रेडिट कार्ड?"

मी पिशवीतून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. कडेचा रंग उडाला होता, इतकं ते वापरलं होतं. "हे पाहा. रोज वापरतो. तुमच्या मशीनले इचारा."

तिनं कार्ड हातात घेतलं. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाली, "आजोबा, हे डेबिट कार्ड आहे. याच्यातून तुमच्याच खात्यातले, तुमचेच पैसे जातात. तुम्ही बँकेकडून काही घेतलेलं नसतं, मग परत केलं की नाही हे बघायचं कशात? म्हणून याचा हिशोब स्कोरमध्ये धरतच नाहीत. कितीही वापरलं तरी स्कोर वाढत नाही."

"अन कमी?"

"कमीही होत नाही. क्रेडिट कार्ड वेगळं. त्यात आधी बँकेचे पैसे वापरायचे आणि मग वेळेवर भरायचे. त्याची नोंद होते."

मी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो की वीट आणि वीट सारखी नसते, हातात घेऊन वाजवून पाहा. आणि कार्ड मात्र वाजवून पाहिलं नाही. त्यावर इंग्रजीत काय लिहिलं आहे ते नातीला विचारलं असतं तर तिनं एका घडीत वाचून दाखवलं असतं.

"म्हंजे मी उधारी केली असती, तं माही पत असती?"

"केली असती आणि फेडली असती, तर हो. तुमचा स्कोर वाईट नाहीये, आजोबा. नुसती पाटी कोरी आहे."

हा शब्द तिनं वापरायला नको होता. तिचा काही दोष नाही, तिला काय माहीत. मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. गुरुजींनी एकदा माझी पाटी वर धरून साऱ्या वर्गाला दाखवली होती, "पाहा रे, कोरी!" मी तसाच उठून बाहेर पडलो आणि बापाच्या हाताखाली मातीचा गारा कालवायला लागलो. शाळेत मला एकच गोष्ट चांगली यायची, हजेरी. नाव घेतलं की असा 'हजर!' म्हणायचो की वरचे पत्रे वाजायचे.

इथंही मी उठलो. कार्ड पिशवीत टाकलं. "चला व. नाई पायजे यांचं कर्ज."

नात उठली नाही. ती माझ्याकडं पाहत होती, पण रागानं नाही. "आबाजी," ती हळूच म्हणाली, "तुमी याच्यासाठी दोन वर्सं मशीन मांगत होते?"

मी पिशवी खांद्याला अडकवली. तिनं माझ्या सदऱ्याचं टोक धरलं, लहानपणी बाजारात धरायची तसं. मग मला जाता येईना.

मॅडम म्हणाली, "एक मिनिट. हिच्या कर्जाला सहकर्जदार आजोबाच पाहिजेत असं नाही. घरात दुसऱ्या कोणी कर्ज घेऊन फेडलंय का?"

"आमच्या घरात असं कोणी नाई," मी म्हटलं.

"मी घेतलं," म्हातारी म्हणाली.

मी तिच्याकडं पाहिलं. ती पदर सारखा करत होती.

"बचत गटातून. बकऱ्यांसाठी घेतलं. मंग न्हाणीवरच्या टिनासाठी घेतलं. माह्या नावानं, याच ब्यांकेतून. सारं फेडलं."

"मले नाई सांगतलं?"

"तुमी कधी इचारलं? बकऱ्या काय आभायातून पडल्या होत्या?"

मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. मी गटाला बायांचा गप्पांचा अड्डा म्हणायचो, आणि ती गटाला निघाली की कोपरखळी मारायचो. न्हाणीवर टिन मीच बसवलं होतं. आमचं सगळं नगदी आहे या समाधानात बसवलं होतं.

मॅडमनं तिचं आधार घेतलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, आणि या खेपेला एकदाच पाहिलं. "आजी, तुमचा स्कोर तर माझ्यापेक्षा चांगला आहे!"

म्हातारीला स्कोर म्हणजे काय ते नीट कळलं नाही, पण चांगला आहे एवढं कळलं. तिनं माझ्याकडं डोळा न वळवता म्हटलं, "मंग लिवा माहं नाव. अन तुमी बसा."

मी बसलो. अजूनही माझं म्हणणं आहे की ब्यांकेचा हा कायदा उलटा आहे. जो घेतच नाही त्याच्यावर भरवसा नाही, आणि जो घेतो त्याच्यावर आहे, हे कोणत्या ओळंब्यात बसते? पण बसलो.

मॅडम एक एक विचारत गेली, म्हातारी सांगत गेली. वय, गाव, बकऱ्या किती. मग मॅडमनं विचारलं, "पतीचं नाव?"

म्हातारी गप्प झाली.

आमच्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे त्या पोरीला कसं माहीत असणार. लग्नात सगळ्यांनी अडवून धरलं तेव्हा म्हातारीनं उखाण्यात माझं नाव घेतलं होतं, तेही इतक्या हळू की मला ऐकू आलं नव्हतं. त्यानंतर मी 'अवो' होतो, 'तुमी' होतो, पोरांसमोर 'तुहा बाप' होतो, आता 'तुहे आबाजी' आहे. गटाची कागदं अध्यक्षीणबाई भरायची, आधार पाहून उतरून घ्यायची. तिथं कधी वेळ आली नाही.

"मी सांगतो," मी म्हटलं.

"नाही आजोबा, त्यांनीच सांगायचं असतं. त्या सहकर्जदार आहेत."

नातीला मजा वाटायला लागली. "आजी, उखाणा घे! घे ना!" रांगेतल्या दोन बाया पुढं सरकल्या, त्याही म्हणायला लागल्या, "घ्या माय, घ्या." शिपाई चहाचे कप घेऊन तिथंच थांबला.

म्हातारीनं उखाणा घेतला नाही. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, मॅडमकडं सरळ पाहिलं, आणि माझं नाव घेतलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. अडखळली नाही. हळूही बोलली नाही. मला ते नाव दुसऱ्याच कोणाचं वाटलं, माझ्यापेक्षा बऱ्या माणसाचं.

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. तोंडातून निघून गेलं, आणि तेही अशा आवाजात की मॅडमच्या हातातला पेन खाली पडला:

"हजर!"